जुन्या गेमिंग पीसीसाठी स्वस्तात सुटे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं साधारण २०१२ ते २०१८ या काळात जुळवलेल्या डेस्कटॉपसाठी आहेत. म्हणजे इंटेलच्या तिसऱ्या ते सातव्या पिढीचे प्रोसेसर किंवा एएमडीचे सुरुवातीचे रायझन, आणि सोबत जीटीएक्स ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, १०६० किंवा आरएक्स ५७० यांसारखं कार्ड. या पीसींचे भाग आजही बाजारात भरपूर आहेत. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा न जुळणारा किंवा न बिघडलेलाच भाग स्वस्त दिसला म्हणून उचलल्यामुळे.

पीसी बंद पडलाय. आधी कोणता भाग आणू?

काहीच आणू नका. आधी बिघाड कुठे आहे ते पक्कं करा. त्यासाठी लागतो एक स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर आणि जमल्यास शेजाऱ्याचा तासभर उसना आणलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारं युनिट).

बटण दाबलं आणि पंखासुद्धा हलला नाही, तर पहिला संशय एसएमपीएसवर. सगळ्या केबल पीसीतून काढा. २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर तारेच्या यू आकाराच्या तुकड्याने जोडा, मग मेन स्विच चालू करा. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला तर तो चालू होतो एवढंच कळलं. लोड घेतो की नाही ते नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, ही सर्वात जास्त येणारी तक्रार. यातले बरेच पीसी एक रुपया न खर्चता सुरू होतात. रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा स्वच्छ खोडरबराने पुसा, रबराचा भुगा झटका. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत या कडांवर थर चढतो आणि पट्टी नीट टेकत नाही. मग एकच पट्टी लावा, एकेका स्लॉटमध्ये करून पाहा. ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा. मात्र प्रोसेसर रायझन १६०० किंवा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा) असेल तर त्यात बहुधा ग्राफिक्सच नसतं, तेव्हा ही चाचणी निरर्थक. शेवटी बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि नवा बसवा. बोर्ड मेला म्हणून सांगितलेल्या कितीतरी पीसींना फक्त हा सेल हवा असतो.

गेम चालू केल्यावरच पीसी रीस्टार्ट होत असेल, तर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम चालू ठेवून तापमान बघा. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचत असेल तर प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलीय किंवा कूलरची एखादी पिन सुटलीय. तापमान ठीक असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. एवढ्याने रीस्टार्ट थांबले तर एसएमपीएस थकला असं समजा, कार्ड नव्हे. स्क्रीनवर रंगीत चौकोन, रेघा, ठिपके दिसत असतील आणि ते बायोस या विंडोजआधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामच्या स्क्रीनवरही दिसत असतील, तर कार्डाची मेमरी चालली.

दुकानात जाण्याआधी काय टिपून ठेवायचं?

मदरबोर्डचं पूर्ण नाव, रिव्हिजनसकट. ते रॅम आणि पीसीआय स्लॉटच्या मधल्या जागेत छापलेलं असतं. पीसी चालू असेल तर सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेनबोर्ड पानावर नाव आणि बायोसची आवृत्ती दोन्ही मिळतात. प्रोसेसरचं नाव, रॅमच्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो, एसएमपीएसच्या बाजूच्या तक्त्याचा फोटो आणि कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती मिलिमीटर जागा आहे तेही घ्या. ‘आय५ चा बोर्ड द्या’ म्हणालात तर दुकानदार जो हाताशी असेल तो देईल. आय५ नावाचे प्रोसेसर किमान पाच वेगवेगळ्या सॉकेटमध्ये (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) आले आहेत.

कोणता भाग वापरलेला घ्यावा आणि कोणता नवाच?

प्रोसेसर डोळे झाकून वापरलेला घ्या. तो क्वचितच बिघडतो, आणि बिघडलाच तर लगेच कळतो. रॅम वापरलेली चालते, फक्त तपासून. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं घेता येतं, पण त्याची तपासणी लांबलचक आहे. पुढे दिली आहे. इंटेलचा मदरबोर्ड वापरलेला घ्यावाच लागतो, कारण त्या जुन्या सॉकेटचे चांगल्या कंपन्यांचे नवे बोर्ड आता फारसे बनत नाहीत.

एसएमपीएस आणि एसएसडी नवेच. यात सूट नाही. एसएमपीएसमधले कपॅसिटर वापरानुसार झिजतात आणि ती झीज बाहेरून दिसत नाही. एसएसडीची झीज आकड्यांत दिसते, पण नव्या आणि वापरलेल्या किमतीत फरक इतका थोडा असतो की जोखीम परवडत नाही.

भाव योग्य आहे की नाही हे कसं ठरवायचं?

ऑनलाइन जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची आशा. एकाच भागाच्या आठ-दहा जाहिराती पाहा, महिनाभर न विकल्या गेलेल्या वगळा, उरलेल्यांतला खालचा भाव खरा धरा. आमचा ठोकताळा असा: वॉरंटी संपलेल्या भागाला, तेवढंच काम देणाऱ्या आजच्या नव्या भागाच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. मूळ खरेदी-किंमत काय होती याच्याशी आपला संबंध नाही. ‘२०१७ मध्ये २२ हजारांना घेतलं होतं’ हे ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

एक गोष्ट मात्र उलटी फिरली आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, आणि त्यामागून वापरलेल्या रॅमचेही. त्यामुळे रॅमसकट विकला जाणारा पूर्ण पीसी कधी कधी सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो.

महाराष्ट्रात हे भाग मिळतात कुठे?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दर्शनी दुकानांत नवा माल असतो. जुने बोर्ड, प्रोसेसर आणि दुरुस्ती हवी असेल तर आतल्या गाळ्यांत आणि वरच्या मजल्यांवर जावं लागतं. रविवारी बहुतांश बाजार बंद, म्हणून शनिवारी दुपारी गर्दी. आठवड्यातल्या दिवशी सकाळी गेलात तर दुकानदाराला तपासून दाखवायला वेळ असतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पंखे, कपॅसिटर, केबल, कनेक्टर यांसाठी सोयीची. दिल्लीचं नेहरू प्लेस आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड इथला मालही कुरिअरने येतो, पण तपासून घेण्याची संधी जाते.

दुसरा झरा म्हणजे कंपन्यांचे भाडेपट्टा संपलेले संगणक. आयटी कंपन्या काही वर्षांनी शेकड्यांनी डेस्कटॉप बदलतात आणि रिफर्बिश करणारे व्यापारी ते उचलतात. आय५-४५९०, आय५-६५०० असे प्रोसेसर स्वस्त असतात ते यामुळेच; रॅमचे भाव चढण्याआधी ८ जीबीच्या पट्ट्याही तशाच स्वस्त होत्या. या ऑफिसच्या डब्यांत ग्राफिक्स कार्ड नसायचं, म्हणून कार्डांचा पुरवठा तसा नाही आणि भावही तसे उतरलेले नाहीत.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर शोधताना ‘सीपीयू’ टाकूनही पाहा. बरेच लोक अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणून जाहिरात देतात आणि आत काय आहे ते लिहीतच नाहीत. फोटोतलं मागचं पॅनेल मोठं करून पाहिलं की कार्ड आहे की नाही ते कळतं. अलीएक्सप्रेसचा मार्ग मात्र नोव्हेंबर २०२० च्या बंदीपासून भारतातून बंद आहे, त्यामुळे परदेशी व्हिडिओंत दिसणारे चिनी झिऑन संच इथे मध्यस्थामार्फतच येतात, आणि बिघडले तर परत कुठे पाठवणार हा प्रश्न उरतो.

मदरबोर्डच गेला. आता?

जुन्या पीसीतला हा सर्वात अवघड प्रश्न, कारण प्रोसेसर टिकतात आणि बोर्ड मरतात. सॉकेट आणि चिपसेट (बोर्डाचा प्रकार ठरवणारी चिप; एच६१, बी७५ ही तिचीच नावं) दोन्ही जुळावे लागतात.

एलजीए ११५५ सॉकेटवर इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी चालते. एच६१ बोर्ड सर्वात जास्त सापडतो, पण त्यात रॅमचे दोनच स्लॉट, कमाल १६ जीबी, आणि चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाही. जुना एच६१ असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर उठत नाही. मिळत असेल तर बी७५ घ्या. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. एलजीए ११५० वर चौथी पिढी: एच८१, बी८५, एच९७, झेड९७. इथेही आय५-४५९० किंवा आय७-४७९० सारख्या नंतरच्या प्रोसेसरना एच८१ आणि बी८५ वर नवा बायोस लागतो.

फसवा आहे तो एलजीए ११५१. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालते. आठवी-नववी फक्त ३०० मालिकेवर. सॉकेटचं नाव एक, प्रोसेसर खाचेत बसतोही, पण पीसी उठत नाही. आय५-८४०० घेऊन बी२५० बोर्डावर लावणारे आजही भेटतात.

बाजारात एच६१ आणि एच८१ चे ‘नवे’ बोर्डही दिसतात, बहुधा अनोळखी किंवा फक्त भारतात विकल्या जाणाऱ्या नावांचे. चीनमध्ये जुने चिपसेट वापरून नव्याने बनवलेले हे बोर्ड. काहींत एम.२ (एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याचा) स्लॉटही असतो, हा खरा फायदा. पण प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तोकडा असतो, बायोसचं अपडेट कुठेच मिळत नाही आणि पंख्याचा वेग नियंत्रित होत नाही. आय३ किंवा साध्या आय५ वर घरातल्या साध्या वापराला ठीक. आय७-३७७० लावून तासन्‌तास गेम खेळायला नको.

वापरलेला बोर्ड हातात घेतल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेट बघा. सगळ्या पिना एका दिशेने सारख्या चमकायला हव्यात. एक जरी वेगळी चमकली तरी ती वाकलेली आहे. फुगलेले कपॅसिटर, कडेचे गंज, सोल्डरचे ताजे डाग बघा. सगळे रॅम स्लॉट, सगळे साटा पोर्ट, मागचे यूएसबी आणि आवाजाचा जॅक चालवून दाखवायला सांगा. मागची आयओ प्लेट (पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट) मागून घ्या, ती सुटी सहजी मिळत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक हिशेब मांडा. बोर्डाच्या किमतीत थोडी भर घालून आय५-४५९०, ८ जीबी रॅमचा ऑफिसचा पूर्ण डबा येतो का? अनेकदा येतो. मग आपलं कार्ड आणि एसएसडी त्यात हलवलं की काम झालं, बोर्डाची शोधाशोध वाचली.

मग ऑफिसचा डबा घेतला तर अडचण काय?

एसएमपीएस आणि आकार. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०२० आणि ९०२० मध्ये बोर्डाला २४ पिनी नव्हे, ८ पिनी कनेक्टर असतो. एचपीच्या एलीटडेस्क ८०० च्या पहिल्या पिढीत तो ६ पिनी. साधा एसएमपीएस लावायला अडॅप्टर केबल लागते. ती मिळते, पण बरोबर मॉडेलची घ्या. मिनी टॉवर आकाराचाच डबा घ्या. चपट्या डब्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं आणि तशी कार्डं महाग असतात.

ऑप्टिप्लेक्स टॉवरमधला मूळ एसएमपीएस साधारण २९० वॅटचा, पण प्रामाणिक. त्यावर वेगळी पॉवर केबल न लागणारं ७५ वॅटचं कार्ड निर्धास्त चालतं: जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० चं बिनकनेक्टरचं मॉडेल.

प्रोसेसर बदलून किती फरक पडेल?

आय३ किंवा जुना आय५ असेल तर त्याच बोर्डावर बसणारा सर्वात मोठा प्रोसेसर हा सहसा सर्वात स्वस्त सुधार. ११५५ वर आय७-३७७०, ११५० वर आय७-४७९०. आय७ नावाला जास्त भाव असतो, म्हणून झिऑन ई३-१२३० व्ही२ (११५५) आणि ई३-१२३१ व्ही३ (११५०) शोधा. तेच चार कोर, आठ थ्रेड, फक्त आतलं ग्राफिक्स नाही. ही युक्ती सहाव्या पिढीपासून बंद झाली: ई३ व्ही५ साध्या बी१५० किंवा झेड१७० बोर्डावर चालत नाही.

दुसरी-तिसरी पिढी असेल तर मात्र हात आखडता घ्या. या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सूचनासंच नाही, तो २०१३ च्या चौथ्या पिढीत आला. काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि कितीही चांगलं कार्ड लावलं तरी त्यावर इलाज नाही.

रायझन १२०० किंवा १६०० वाले सर्वात नशीबवान. एएम४ सॉकेटच्या बऱ्याच बी३५०, एक्स३७० आणि ए३२० बोर्डांना २०२२ मध्ये ५००० मालिकेसाठी बायोस मिळाले. रायझन ५ ५५०० किंवा ५६०० लावला की तोच पीसी पुढची काही वर्षं चालतो. बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. आधी काढलात तर स्क्रीनच येणार नाही. कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

रॅम घेताना काय चुकतं?

तीन गोष्टी. पहिली, सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम. ती निम्म्या भावात दिसते आणि साध्या बोर्डावर चालत नाही. पट्टीच्या स्टिकरवर आर अक्षराने संपणारा कोड, उदाहरणार्थ १२८००आर, दिसला तर ठेवून द्या; डेस्कटॉपच्या पट्टीवर यू असतो.

दुसरी, ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून येणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ पट्ट्या. इंटेल बोर्ड त्या ओळखत नाही, किंवा पीसी उठतच नाही. विकणारा बऱ्याचदा हे जाहिरातीत लिहीत नाही, म्हणून स्पष्ट विचारा.

तिसरी, व्होल्टेज. डीडीआर३ ला १.५ आणि डीडीआर३एल ला १.३५ व्होल्ट लागतात. एल पट्ट्या सहसा दोन्हीकडे चालतात. पण सहाव्या पिढीच्या डीडीआर३एल बोर्डावर १.५ व्होल्टची पट्टी लावू नये.

४ जीबीच्या दोन पट्ट्या एका ८ जीबीपेक्षा गेममध्ये बऱ्या, कारण ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. दोन पट्ट्या वेगळ्या कंपनीच्या असल्या तरी चालतं, वेग कमी असलेल्या पट्टीचा लागू होतो. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या लावा. एकही एरर माफ नाही.

वापरलेलं ग्राफिक्स कार्ड कसं पारखायचं?

आधी खोटं आहे का ते बघा. जीटीएक्स ५५० टीआय किंवा जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते ‘१०५० टीआय ४ जीबी’ म्हणून विकलं जातं. विंडोजमध्ये नाव तेच दिसतं. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम २०१८ पासून अशी कार्डं ओळखून नावाआधी खोटं असल्याचा शिक्का दाखवतो. कोरची संख्या जुळवा: १०५० टीआय ला ७६८, १०६० च्या ६ जीबीला १२८०, ३ जीबीला ११५२. आरएक्स ५८० ला २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ती ५७० ची ताकद आहे आणि भावही ५७० चाच द्यावा. १० मालिकेच्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर उठून चला, त्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही.

मग मायनिंगचा, म्हणजे कार्डं दिवसरात्र चालवून क्रिप्टो नाणी कमावण्याचा प्रश्न. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं आणि कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंग केलेलं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. सारख्या तापमानात चालत राहिलेली चिप टिकते. झिजतात ते पंखे, थर्मल पॅड (उष्णता हीट सिंकला पोचवणारे मऊ तुकडे) आणि मेमरी. आरएक्स ४७०, ५७०, ५८० वर बदललेला बायोस असू शकतो, त्याने गेम लटकतात. कार्डावर बायोसची छोटी कळ असेल तर दुसऱ्या बाजूला सरकवून पाहा. नसेल तर मूळ बायोस परत भरावा लागतो. पी१०६-१०० नावाच्या कार्डापासून लांब राहा. ते १०६० चंच भावंड, पण मागे एकही डिस्प्ले पोर्ट नाही.

कार्डावरचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा. स्क्रू पिळवटलेले, मागच्या बाजूला सर्किटची पाटी तपकिरी पडलेली, पॅडमधून तेल पाझरलेलं, असं काही दिसलं तर भाव पाडा किंवा सोडा. पंखे बोटाने फिरवा. अडखळले किंवा डुगडुगले तर बेअरिंग गेलं. मग फरमार्क ही कार्डावर भार टाकणारी चाचणी १५ मिनिटं, त्यानंतर युनिजिन हेवन सारखी गेमसारखी चाचणी अर्धा तास. फरमार्कमध्ये टिकलेलं कार्ड खऱ्या गेममध्ये पडतं, असं होतं, म्हणून दोन्ही. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून लावून पाहा. डिसेंबरात तपासलेलं कार्ड ८० अंशांवर असेल, तर अकोल्याच्या मे महिन्यात ते कुठे जाईल याचाही विचार करा.

जुन्या बोर्डावर नवं स्वस्त कार्ड चालेल का?

बहुतेक चालतं, पण आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी टाळा. त्यांना बोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार पीसीआय लेन (डेटाच्या वाटा) आहेत. जुन्या बोर्डाच्या ३.० स्लॉटमध्ये वेग बराच पडतो, २.० मध्ये तर विचारू नका. आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत आणि १३२ वॅट पुरतात; जुन्या पीसीसाठी ते जास्त समंजस. २०११-१२ च्या काही बोर्डांवर नवं कार्ड डिस्प्लेच देत नाही, कारण बायोस यूईएफआय या नव्या प्रकारचा नाही. बोर्डाचा शेवटचा बायोस टाकून पाहा. दुकानदाराशी परत करण्याचं आधीच बोलून ठेवा.

एसएमपीएस किती वॅटचा?

डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा, बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? त्याला १२ ने गुणा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या ‘४५० वॅट’ एसएमपीएसवर १४ अँपिअर लिहिलेले असतील तर प्रोसेसर आणि कार्ड मिळून त्याच्याकडे फक्त १६८ वॅट आहेत. प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास मिळतात. हातात धरलं तरी वजनातला फरक कळतो.

१०५० टीआय किंवा १६५० ला प्रामाणिक ३५० वॅट पुरे, आरएक्स ६६०० किंवा १०६० ला ४५०, आरएक्स ५८० ला ५०० ते ५५०. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवल्याचं प्रमाणपत्र) आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या, आणि बिल जपा. मोलेक्स या जुन्या चार पिनी कनेक्टरमधून ६ पिन काढणारे अडॅप्टर वापरू नका. त्यातली पातळ वायर वितळते. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, टोक बसलं तरीही. पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि हार्ड डिस्क, एसएसडी क्षणात जळतात.

आणखी एक: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो एसएमपीएसचा दोष बहुधा नसतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा.

हार्ड डिस्क कटकट करते. एसएसडी जुन्या बोर्डाला लागेल?

साटा एसएसडी कुठेही लागते. साटा २ पोर्टवर वेग निम्मा मिळतो, तरी हार्ड डिस्कपुढे फरक डोळ्यांना दिसतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींतले आकडे शून्याहून जास्त आणि वाढत असतील तर आजच डेटा हलवा. एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआयवर चालणारी) एसएसडी पीसीआय कार्डावर बसते, पण झेड९७ च्या आधीचे बहुतेक बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करत नाहीत. अगदी कमी भावात २ टीबी देणारी अनोळखी एसएसडी घेतलीच तर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा.

कार्डाचा पंखा सुटा मिळतो का?

हो, आणि नवं कार्ड घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. जुना पंखा काढून मधल्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर वाचा, पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिनांची संख्या मोजा. नंबर जुळला तर पंखा बसतोच. कार्ड उघडलंच आहे तर पेस्ट बदला; पॅड बदलणार असाल तर जुन्याची जाडी मोजून तेवढीच घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅडमुळे हीट सिंक चिपवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. प्रोसेसरच्या इंटेल कूलरची तुटलेली पिनही सुटी मिळते. ११५० पासून १२०० पर्यंतचे कूलर एकमेकांना चालतात.

ऑनलाइन फसवणूक टाळायला?

जुने भाग विकताना लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा ग्राहक हा ग्राहक नाही. विकत घेताना आगाऊ पैसे न देता भेटून तपासा. भेट शक्य नसेल तर भागाशेजारी आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो आणि चालू चाचणीचा व्हिडिओ मागा. पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ घ्या, सील फोडण्याआधीपासून. पूर्ण पीसी कुरिअरने मागवत असाल तर कार्ड आणि जड कूलर काढून वेगळे बांधायला सांगा, नाहीतर स्लॉट तुटलेला येतो. फसलातच तर १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वात जास्त.

दुकानातून वापरलेला भाग घेताना ‘चेकिंग वॉरंटी’ किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या. तोंडी सात दिवसांचे बिलावर शून्य होतात.

विंडोज १० बंद झालं. या पीसीवर अजून पैसे घालावेत का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून किंवा रायझन २००० पासून पुढेच चालतं. एनव्हिडियानेही ९०० आणि १० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलंय. ऑफलाइन गेम, जुने गेम, मुलांचा अभ्यास आणि थोडं खेळणं, एवढंच असेल तर पीसी अजून कामाचा. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षा-सोयी मागतो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पिढीवर त्याच्या नादी लागू नका.

खर्च करायचाच तर नव्या पीसीत नेता येतील अशा गोष्टींवर करा: एसएमपीएस, एसएसडी, कार्ड. डीडीआर३ रॅम आणि जुना बोर्ड यांच्यावर फक्त पीसी चालू करण्यापुरतं.

काढलेल्या भागांचं काय करायचं?

बंद कार्ड आणि बंद बोर्डालाही भाव आहे. दुरुस्ती करणारे त्यातल्या चिप, पंखे, हीट सिंक काढून घेतात; फक्त जाहिरातीत ‘बंद आहे’ असं स्वच्छ लिहा. चालू प्रोसेसर आणि रॅम लगेच विका, दरवर्षी भाव उतरतोच असं नसलं तरी रायझनच्या पिना कपाटात पडून वाकतात. बिघडलेला एसएमपीएस उघडू नका, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही धक्का देतात. तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. हार्ड डिस्क देण्याआधी फॉरमॅट पुरेसं नाही. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये बरोबर डिस्क निवडली आहे ना हे दोनदा बघून ‘क्लीन ऑल’ चालवा, १ टीबीला काही तास लागतात. एसएसडीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा.